सव्वीस सेकंद

उमेओच्या विद्यापीठात दुपारी दोनलाच अंधार पडतो.
खिडकीबाहेर बर्चवर बर्फ, आत पंच्याऐंशी विद्यार्थी,
आणि प्राध्यापक रूनेसॉन माझी ओळख करून देताहेत:
इंगेगेर्ड होल्मग्रेन, गाणी ऐकवणाऱ्या कंपनीत नऊ वर्षं,
आज आपल्याला धंद्याचे चार धडे देतील.

धडे.
मी पाणी पिते. मागे पडद्यावर माझा आलेख चढत असतो.

तर ऐका. सुरुवात गोथेनबर्गच्या बंदरात,
मासे धुरवायच्या जुन्या गोदामाच्या माळ्यावर.
दोन वर्षं आमच्या कोटांना हेरिंगचा वास यायचा.
टोर्केल म्हणायचा, आपण गाणी विकत नाही,
कान भाड्यानं घेतो.
ऐकावे जनाचे, एवढंच भांडवल.
करावे मनाचे, पण कुणाच्या मनाचे
ते पुढे गुंतवणूकदारांनी ठरवलं.

नियम साधा होता. तीस सेकंद.
तेवढं कुणी थांबलं तर ते ऐकणं.
एकोणतिसाव्याला उठून गेलं,
तर कुणी आलंच नव्हतं.
वाजवणाऱ्याला मिळायचं किती?
थेंबे थेंबे तळे साचे, खरं आहे,
फक्त थेंब त्यांचे
आणि तळं आमच्या अंगणात.

लिहून घेताय? घ्या. हे परीक्षेत येईल.

चौथ्या वर्षी तोटा झाला तेव्हा मला काम मिळालं:
लोक कुठे सोडून जातात ते शोधा.
रात्र रात्र मी लाल ठिपके मोजले.
त्यातच सापडला हेरजेदालेनचा अल्गोट,
वय एक्क्याऐंशी, व्हायोलिन, घरीच केलेलं मुद्रण.
पहिली चौतीस सेकंदं सूरच नाही.
चुलीत लाकूड तडकतं.
कुणी खोकतं.
खुर्ची करकरते, पावलं, दार.
मग कुठे गज तारेला टेकतो.

नमनालाच घडाभर तेल, मी म्हटलं,
आणि तेल ओतून दिलं.

पुरावा होता माझ्याकडे. एक श्रोता
रोज संध्याकाळी सातला यायचा
आणि सव्विसाव्या सेकंदाला जायचा.
न चुकता, चारशे अकरा दिवस.
इतकं चिकाटीनं कंटाळलेलं माणूस मी पाहिलं नव्हतं.
त्याचा ठिपका सगळ्यांत लाल.
बैठकीत तोच मोठा करून दाखवला.

कापल्यावर ऐकणारे तेरापट झाले.
मला बढती, खिडकीजवळचं टेबल,
तिथून बोटी दिसायच्या.

अल्गोटला तिमाहीचे एक्केचाळीस क्रोना गेले
आणि त्याचं पत्र आलं.
वहीचा कागद, पेन्सिल, अक्षर जरा उतरतं:

पैसे पोचले, आभार.
पण खुर्ची कुठे गेली?
ती मार्टा होती. मी वाजवायच्या आधी
उठून थंडीत बाहेर जाऊन बसली,
तिच्या दम्याची घरघर आत यायला नको म्हणून.
पुढचं व्हायोलिन मला पाठ आहे, ते मी ऐकत नाही.
दार लागलं की बंद करतो.

मूळ फाइल शोधली.
साठवणुकीचा खर्च कमी करा, असं परिपत्रक
त्याच वसंतात निघालं होतं.
खाली सही माझी.

मागच्या रांगेतली मुलगी हात वर करते:
म्हणजे यातून नेमकं घ्यायचं काय?
रूनेसॉन घड्याळ बघतात.
मी तयार करून आणलेलं वाक्य म्हणते,
आकडा ग्राहक कधी गेला ते सांगतो,
का गेला ते सांगत नाही.
छान वाक्य आहे. एका पडद्यावर मावतं.
पेनं खरखरतात.

पत्र पिशवीत आहे. तीन वर्षं झाली,
उत्तराला सुरुवात कुठून करायची ते सुचत नाही.

टाळ्या. मग सगळे उठतात,
पंच्याऐंशी घडीच्या खुर्च्या, मागून पुढे,
एकेक करत.
मी कागद आवरत नाही.
शेवटचं दार लागेपर्यंत
उभी राहते.